आरोग्य तपासणीची तयारी टॅबवर करून घेतली आणि मुलांनी तक्ताच पाठ केला! आता काय करू?

दुसरीच्या बाई

नमस्कार मंडळी. दुसरीचा वर्ग, 38 मुलं, 5 टॅब आणि शाळेतल्या आरोग्य तपासणीला उरलेत 14 दिवस. डोळे, कान, दात, उंची, वजन असं सगळं एका सकाळीच उरकतात. गेल्या वर्षी बरीच रडारड झाली, म्हणून यंदा सूचना आली की मुलांची तयारी आधीच टॅबवर करून घ्या. धडाही तयार मिळाला.

धड्यात एक ससा आहे. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप. तो एकेक अक्षर दाखवतो आणि विचारतो, सांग पाहू हे कोणतं? बरोबर आलं की खणकन नाणं पडतं. चुकलं की सशाचे दोन्ही कान लोंबतात. मुलांना ते लोंबलेले कान बघवत नाहीत हो! तीन दिवसांत अख्ख्या वर्गाचा तक्ता पाठ. ‘ई, एफ पी, टी ओ झेड, एल पी ई डी’ हे आता आमच्याकडे पाढ्याच्या चालीत म्हटलं जातं. काल मधल्या सुट्टीत एकानं भिंतीवरच्या तक्त्याकडे पाठ फिरवली आणि तक्ता पाठ म्हणून दाखवला. टाळ्या पडल्या. मला मात्र घाम फुटला.

घाम फुटायचं कारण गेल्या वर्षीची एक मुलगी. रांगेत ती सातवी की आठवी होती. तिच्या आधीच्या प्रत्येकानं तोच तक्ता खणखणीत आवाजात वाचला होता. हिचा नंबर आला, हिनंही वाचला. कार्डावर शेरा पडला, ‘दृष्टी ठीक’. ते कार्ड मीच फायलीत लावलं. पुढे तीन-चार महिन्यांनी लक्षात आलं की फळ्यावरचं उतरवून घेताना ही मान डावीकडे वळवते आणि उजवा डोळा पुढे आणते. एकदा खेळता खेळता मी मागून तिचा डावा डोळा झाकला, तिला काहीच वाटलं नाही. उजवा झाकला तर तिनं हात झटकून टाकला. पुन्हा झाकला, पुन्हा झटकला. मग पालकांना बोलावून घेतलं. डाव्या डोळ्याला बराच नंबर निघाला. डॉक्टर म्हणाले, डोळा आळशी झालाय, म्हणजे मेंदू त्या डोळ्याकडे लक्षच देत नाही. तेव्हापासून चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी.

तिनं लबाडी केली असं मला अजिबात वाटत नाही. वर्गात आम्ही दिवसभर हेच तर शिकवतो, की विचारलं की उत्तर आलंच पाहिजे. समोरच्या बाईंना जे हवं होतं ते तिनं दिलं.

तर माझा प्रश्न असा. भीती जावी म्हणून तयारी तर करून घ्यायची आहे, पण तयारीनं तपासणीच फुकट जाऊ नये. टॅबवर नक्की काय दाखवायचं आणि काय मुळीच दाखवायचं नाही? कानाच्या तपासणीत गेल्या वर्षी चौघांनी हेडफोन लावूच दिला नाही, त्याचं काय करू? आणि निम्म्या वर्गाला ‘सुई टोचणार’ या अफवेनं आत्तापासून पोटात गोळा आलाय, तोही प्रश्न आहेच.

---

नंबर काढणारा

बाई, आधी तो ससा बंद करा. आजच.

मी रोज हेच काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. तो अक्षरांचा तक्ता हर्मान स्नेलेन नावाच्या डच डोळ्यांच्या डॉक्टरांनी 1862 मध्ये काढलेल्या तक्त्यावरून आलेला आहे. जो सगळीकडे टांगलेला दिसतो त्यातल्या अक्षरांचा क्रम ठरलेला असतो. तुमची मुलं म्हणतात तोच. चांगली मोठी माणसं माझ्यासमोर बसून ‘एल पी ई डी’ सांगतात. कुठे बघून सांगताय म्हटलं की हसतात. तेव्हा सात वर्षांच्या पोराला काय बोलणार!

लहान मुलांसाठी अक्षरं मुळातच सोयीची नाहीत. चुकलं तर दिसलं नाही म्हणून चुकलं की अक्षर येत नाही म्हणून, हे कळायला मार्ग नसतो. त्यासाठी चित्रांचे तक्ते आहेत. फिनलंडच्या डॉक्टर लेआ ह्यूवारिनेन यांनी 1976 मध्ये चारच आकृत्या तयार केल्या: सफरचंद, घर, चौकोन, वर्तुळ. गंमत अशी की नजर अंधुक असेल तर चारही गोलच दिसतात, त्यामुळे अंदाजानं ओळखायला जागा राहत नाही. मुलाच्या मांडीवर चारही चित्रांचं कार्ड असतं. समोर जे दिसेल त्यावर त्यानं बोट ठेवायचं, तोंडानं काही बोलायचंही नाही. दुसरा प्रकार म्हणजे चार दिशांना फिरवलेला इंग्रजी ‘ई’. त्याची बोटं ज्या दिशेला, आपला हात त्या दिशेला.

हे दोन्ही खेळ टॅबवर हवे तितके खेळवा. चार चित्रं ओळखीची झाल्यानं भिंतीवर आत्ता कुठलं आहे ते काही दिसायला लागत नाही. म्हणजे मुलाला रीत समजते आणि उत्तर मात्र त्याच्या हाती लागत नाही. तुम्हाला हेच हवंय ना? तुमच्याकडे येणाऱ्या लोकांना आधी फोन करून विचारा, तक्ता कोणता आणणार. दाखवाल तो खेळ त्याच प्रकारचा हवा.

मुळीच दाखवायचं नाही अशा दोन गोष्टी. एक, तक्त्याचा फोटो. दोन, ते रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडे. जपानच्या शिनोबू इशिहारांनी 1917 मध्ये काढलेली ती पानं छापील रंगांवर बेतलेली आहेत. दर टॅबचा रंग वेगळा, त्यात आकडे पाठ झाले की तपासणीच्या दिवशी तो उत्तर देणार आणि लाल-हिरव्यातली गफलत तशीच राहून जाणार.

आणि पालकांना हे सांगा की ‘टॅबवरचं बारीक अक्षरही वाचतो’ याला काही अर्थ नाही. 6/6 ची, म्हणजे चांगल्या नजरेची ओळ 6 मीटरवरून वाचायची असते, तिच्यातलं अक्षर जेमतेम 9 मिलिमीटर उंच. टॅब असतो वीतभर अंतरावर. ज्याला लांबचं दिसत नाही त्याला जवळचं झकास दिसतं, घोटाळा तिथेच होतो.

डोळा झाकायची तालीम मात्र पडद्याविना घ्या. मुलं बोटांनी झाकतात आणि फटीतून बघतात, किंवा डोळा इतका दाबतात की हात काढल्यावर दोन मिनिटं त्याच डोळ्यानं धूसर दिसतं. तळहाताची खोलगट वाटी करायची आणि डोळ्यावर नुसती ठेवायची. डोळे दोन्ही उघडेच. हा खेळ घेताना स्वतः लक्ष ठेवा. एका बाजूला कुरकुर नाही आणि दुसऱ्या बाजूला झाकू देत नाही, असं मूल दिसलं तर तपासणीची वाटही बघू नका. हे तुम्हाला मी शिकवायची गरज नाही म्हणा, तुम्ही ते आपसूक ओळखलंत. सात वर्षांच्या आत सापडला तर आळशी डोळा उपचाराला चांगली साथ देतो. पुढेही देतो, पण कासवाच्या गतीनं.

शेवटचं आणि फुकटातलं: रांग खोलीच्या बाहेर लावा, दार लोटून घ्या.

---

दोघांची आई

बाई, हेडफोनचं मी सांगते. माझा थोरला स्वमग्न आहे. कानाला कुणी हात लावला तरी त्याला सहन होत नाही. पहिल्या तपासणीत त्यानं हेडफोन भिरकावला. कार्डावर ‘सहकार्य करत नाही’ असं लिहून आलं. ऐकू येतं की नाही ते राहिलंच.

पुढच्या वेळी मी शाळेत जाऊन तपासणीच्या खोलीचा व्हिडिओ काढला. माझ्या साध्या फोनवर, 47 सेकंदांचा. दार उघडतं, डावीकडे टेबल, टेबलावर मशिन, खुर्ची. मशिनवाल्या ताईंना आधी विनंती केली होती, त्यांनी हेडफोन हातात धरून दाखवला, आतली काळी गादी दाबून दाखवली, स्वतःच्या कानाला लावला. संगीत नाही, कार्टून नाही. मागे माझा आवाज: ‘हा कानाला घट्ट बसतो. थोडा जड लागतो. मग बारीक टीं येतो. मग काढतात.’ बास.

त्यानं तो व्हिडिओ किती वेळा पाहिला असेल! पहिले दोन दिवस गादी दाबली की थांबवायचा आणि मागे न्यायचा. तिसऱ्या दिवशी घरातला जुना हेडफोन स्वतः घेऊन आला. आधी गुडघ्याला लावला, मग डोक्यावर, मग एका कानाला. आम्ही कुणी काही बोललो नाही. तपासणीच्या दिवशी दार उघडल्यावर तो म्हणाला, ‘डावीकडे टेबल.’ आणि बसला.

एक चूक मात्र झाली, ती तुम्ही करू नका. ‘आवाज आला की हात वर’ एवढंच मी शिकवलं होतं. प्रत्यक्षात तो आवाज फार बारीक असतो. 20 डेसिबलचे सूर असतात, 1000, 2000 आणि 4000 हर्ट्झचे. हा आपला मोठा आवाज येईल म्हणून वाट बघत बसला. त्या ताईंना कळलं म्हणून बरं. त्यांनी त्याच्या हातात ठोकळा दिला, ‘डासाएवढा आवाज आला तरी डब्यात टाक’ म्हणाल्या आणि दोनदा करून दाखवलं. मग सगळे सूर आले. ठोकळ्याचा खेळ तुम्ही वर्गात घेऊ शकाल, त्याला टॅबही नको. फक्त ‘डासाएवढा’ हे सांगायला विसरू नका.

आणि सर्दी झालेल्या मुलाचा निकाल कधी कधी वाईट येतो. कानाच्या पडद्यामागे पाणी साठलेलं असतं. काही आठवड्यांनी पुन्हा तपासतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

---

मागच्या बाकावरचा

एवढं कशाला लागतं हो? आमच्या वेळी डॉक्टर यायचे, रांगेत उभं करायचे, तोंड उघड म्हणायचे, झालं. ना टॅब ना व्हिडिओ. काही बिघडलं नाही आमचं.

---

दुसरीच्या बाई

दादा, खरं सांगा. रांगेत पुढच्याचं ऐकून तक्ता वाचला होतात की नाही?

---

मागच्या बाकावरचा

...वाचला होता. चष्मा नववीत लागला. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की वर्गातल्या पंख्याच्या बुडाला काहीतरी लिहिलेलं असतं. चालू द्या तुमचं.

---

चित्र हलवणारा

मी अशाच धड्यांची चित्रं हलवतो, म्हणजे ॲनिमेशन करतो. तुमचा ससा माझा नाही, पण असे ससे मी केलेत. नाणं का पडतं ते सांगू? करून घेणाऱ्याला मूल धडा सोडून जायला नको असतं, म्हणून आम्ही प्रत्येक उत्तराला बक्षीस लावतो. गणिताला ते चालून जातं. इथे त्यानं मूल खोटं बोलायला शिकतं, हा विचार खोलीतल्या एकाच्याही डोक्यात आलेला नसतो. माझ्याही आला नव्हता.

बक्षीस लावायचंच तर पायरी पुरी केल्याबद्दल लावा. खुर्चीत बसला, तारा. डोळा झाकला, तारा. ‘दिसत नाही’ म्हणाला, त्यालाही तेवढाच तारा आणि सशाचे कान ताठ. हा बदल करून द्यायला कुठल्याही आमच्यासारख्याला अर्धा दिवस पुरतो. तुमच्या धड्याच्या कर्त्यांना पत्र लिहाच.

दुसरं, पात्र शूर नको. 1975 मध्ये बार्बरा मेलामेड आणि लॉरेन्स सीगल या दोघांनी शस्त्रक्रियेला आलेल्या 4 ते 12 वयाच्या 60 मुलांवर एक प्रयोग केला होता. निम्म्यांना दवाखान्यात भरती झालेल्या मुलाची फिल्म दाखवली, निम्म्यांना भलत्याच विषयाची. पहिल्या गटाची भीती कमी राहिली, ऑपरेशनच्या आधी आणि नंतरही. फिल्ममधला तो मुलगा न घाबरणारा वीर नव्हता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तो घाबरतो, तसं बोलून दाखवतो आणि तरीही पार पडतो. आमच्या धड्यांतली पात्रं खुर्चीत बसल्या बसल्या हसतात. घाबरलेलं पोर ते बघतं आणि मनात म्हणतं, हे मी नव्हे. शस्त्रक्रिया कुठे नि वजनकाटा कुठे, मान्य. पण पात्र लिहिताना मी आता हे पाळतो.

---

शाळेतली सिस्टर

सुईचं आधी. ‘टोचणार नाहीत’ असं वचन चौकशी केल्याशिवाय देऊ नका. काही तपासण्यांत रक्तातलं हिमोग्लोबिन बघायला बोटाला टोचतात. तुमच्या यादीत नसेल तर छातीठोक सांगा, असेल तर तेही सांगा: चटकन टोचतं, मुंगी चावल्यासारखं, मग कापूस. एकदा फसलेलं मूल पुढे दात बघायलाही तोंड उघडत नाही. आणि ‘अजिबात दुखणार नाही हं’ हे वाक्य टाळा. तोवर त्याच्या डोक्यात दुखणं आलेलंच नसतं. घरच्यांनाही निरोप द्या की ‘जेवला नाहीस तर डॉक्टर टोचतील’ ही धमकी निदान हे 14 दिवस बंद ठेवा.

आता ज्याबद्दल कुणी बोलत नाही ते. आपण मुलांना सुरक्षित स्पर्शाचे धडे देतो आणि ते द्यायलाच हवेत. मग एक दिवस अनोळखी माणूस येतो आणि सदरा वर कर म्हणतो. एका मुलीनं मला तोंडावर सांगितलं, ‘तुम्हीच म्हणालात की नाही म्हणायचं.’ बरोबर होतं तिचं. त्या दिवसापासून मी तपासणीच्या आधीच्या धड्यात चार गोष्टी घालते: कुठे हात लावणार ते डॉक्टर आधी सांगतील, ओळखीची बाई खोलीत असेल, काय झालं ते घरी सांगायचं, त्यात गुपित काहीच नाही, आणि नको वाटलं तर ‘थांबा’ म्हणता येईल. ‘थांबा’ म्हटलं की आम्ही खरंच थांबतो. व्हिडिओत ते थांबणं दाखवा. मूल म्हणतं थांबा, स्टेथोस्कोप मागे जातो, थोड्या वेळानं मूल मान हलवतं, मग पुन्हा. मोठ्या वर्गांत पाठीचा कणा बघायला पुढे वाकवतात, तिथे तर हे फारच लागतं.

वजन मोठ्यानं वाचू नका. आमच्याकडे आकडा पुकारायची पद्धत होती आणि एका मुलाला वर्षभर त्या आकड्यानं हाक मारली गेली. आता काट्याची तबकडी आमच्याकडे तोंड करून ठेवतो आणि मी मुकाट्यानं लिहिते.

---

दुसरीच्या बाई

सगळ्यांचे आभार, आणि उशिराबद्दल माफी. तपासणी काल पार पडली. काय केलं आणि काय फसलं, दोन्ही लिहिते.

ससा बंद केला. दोन दिवस ‘बाई, ससा कुठे गेला’ सुरू होतं. रजेवर गेलाय म्हटलं. तपासायला येणाऱ्यांना फोन केला तर ते फिरवलेला ‘ई’ आणणार होते, म्हणून भिंतीवरचा अक्षरतक्ता उतरवला आणि टॅबवर ‘ई’चा खेळ ठेवला. पाच टॅब, पाच गट, एकेकाला पाच मिनिटं. बाकीच्यांना ठोकळे आणि डबा. ‘डासाएवढा’ हा शब्द इतका रुजलाय की वर्गात कुणी हळू बोललं तरी आता मुलं तेच म्हणतात.

मग 3 मिनिटांचा व्हिडिओ. खोली आमचीच, दार तेच करकरणारं. डोळा कसा झाकायचा हे दाखवायला मी गेल्या वर्षीच्या त्या मुलीला तिसरीतून बोलावलं, तिच्या आईबाबांना विचारून. कॅमेरा लावला तर मलाच म्हणते, ‘बाई, कुठला झाकू? उजवा झाकला तर आता मला दोन ओळी जास्त दिसतात.’ ते वाक्य व्हिडिओत तसंच राहू दिलंय. सिस्टर, ‘थांबा’ही घेतलं. शिपाईमामा डॉक्टर झाले होते. थांबा म्हटल्यावर ते इतके मागे सरकले की चित्रातूनच गेले.

पण सगळ्यात जास्त वेळ गेला तो ‘दिसत नाही’ शिकवण्यात. रोज फळ्याच्या कोपऱ्यात मुंगीएवढं काहीतरी लिहायचं, मागच्या भिंतीला उभं राहून सगळ्यांनी ओरडायचं, ‘दिसत नाही!’ सुरुवातीला कुणी तयार होईना. एक जण डोळे बारीक करून करून पाणी येईस्तोवर बघत राहिला, हरायला तयार नाही. चौथ्या दिवशी कुठे जमलं.

काल रांग बाहेर होती, दार लोटलेलं, आत मी. पहिलाच मुलगा आला, वाटी करून डोळा झाकला, तीन ओळी हातानं दाखवल्या आणि चौथीला हजेरी द्यावी तसा कडाडला, ‘दिसत नाही!’ तपासणाऱ्या ताई दचकल्या. मग माझ्याकडे बघून हसल्या. हेडफोन चौघांपैकी तिघांनी लावला. चौथा डब्यात ठोकळा टाकायला तयार, हेडफोनला नाही. त्याला जुना हेडफोन घरी दिलाय, दोघांची आई म्हणाल्या तसा गुडघ्यापासून सुरुवात. त्याच्यासाठी पुन्हा येणार आहेत.

वजनाचं फसलं. काटा फिरवून ठेवला होता, पण लिहून घेणारे गृहस्थ आकडा म्हणत म्हणत लिहितात. तीन मुलं होईपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही.

आणि एक भलतंच झालं. पुढच्या तपासणीची चिठ्ठी मिळणं म्हणजे नापास होणं नव्हे, हे मी मुलांना इतकं पटवून दिलं होतं, ‘चिठ्ठीवाल्यांना मोठ्या मशिनमध्ये बघायला मिळतं’ असंही बोलून गेले होते, की एकूण सहा चिठ्ठ्या निघाल्या. त्यातल्या दोघांना मागच्या बाकावरून माझ्या घड्याळातला सेकंदकाटा दिसतो, हे मला पक्कं ठाऊक आहे. एकाला बाजूला घेऊन विचारलं तर म्हणाला, ‘मला चिठ्ठी हवी होती.’ दुसरा काही केल्या कबूल होत नाही. आता या दोघांना पाठवू की नको? उगाच पालकांचा दिवस मोडायचा.

---

नंबर काढणारा

दोघांनाही पाठवा, बाई. कबूल होत नाही त्याला तर नक्कीच. त्याला लांबचा काटा एका डोळ्यानं दिसतो की दोन्ही डोळ्यांनी, हे तुम्ही बघितलेलं नाही.

खोटं ‘दिसत नाही’ कसं पकडायचं याच्या आमच्याकडे दोन-तीन युक्त्या आहेत. इथे लिहिणार नाही. तुमची मुलं वाचतील आणि पाठ करतील.